आखातातला शटडाउन: अनेक देशांची माणसं, एकच परमिट

रुवैस, रास लफान, जुबैल, अहमदी. आखातातल्या कुठल्याही मोठ्या तेल-वायू प्रकल्पात काही वर्षांनी एकदा शटडाउन येतो, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लान्ट बंद ठेवला जातो. एरवी मोजक्या माणसांवर चालणाऱ्या प्लान्टमध्ये मग काही आठवडे हजारो कंत्राटी कामगार उतरतात. मचाण बांधणारे नेपाळी, रिगर पाकिस्तानी, वेल्डर तमिळ किंवा बंगाली, इन्स्ट्रुमेंटवाले फिलिपिनो. आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे फिटरही त्यांत असतात. सुरक्षिततेचा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली: फलक सगळ्यांच्या भाषांत लावा. लावावेतच. पण माझ्या मते भाषेपेक्षा मोठी अडचण आहे ती वरिष्ठांच्या दडपणाची.

पाळी बदलताना

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे तात्पुरती झाकणी बसवली होती. रात्रपाळीला त्याचा पत्ता नव्हता. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला, झाकणीतून वायू गळला आणि स्फोट झाला. पंपाच्या कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, वेगळं आणि व्हॉल्व्हचं वेगळं; दोन्ही कागद एकत्र पाहिलेच गेले नाहीत. तिथे तर जवळपास सगळे इंग्रजी बोलणारे होते!

म्हणून मिश्र मनुष्यबळात पाळीचा ताबा ऑफिसातल्या वहीवर देऊ नये. जाणाऱ्या आणि येणाऱ्या फोरमनने यंत्रापाशी जावं, झाकणीवर बोट ठेवावं, कुलूप आणि टॅग हाताने तपासावेत. एकाच यंत्रावरची सगळी परमिटं एकत्र टांगावीत.

टूलबॉक्स टॉक

काम सुरू होण्याआधीची ही छोटी बैठक अनेकदा सह्या गोळा करण्यापुरती उरते. सुपरवायझर इंग्रजी कागद वाचतो, सगळे माना डोलावतात. ‘समजलं का?’ या प्रश्नाला साहेबासमोर ‘नाही’ म्हणणारा आपल्याकडेही विरळाच. त्याऐवजी एकेकाला करून दाखवायला सांगावं: अलार्म वाजला तर कुठल्या वाटेनं जाशील? वारा आत्ता कुठून वाहतोय? आखातात मोडकी हिंदी-उर्दू बऱ्याच टोळ्यांना जोडते, ती बिनधास्त वापरावी. फक्त दुभाष्याचं काम मुकादमाकडे देऊ नये. कामाला उशीर होईल असा प्रश्न तो वर पोचवेलच याची खात्री नसते. आंतरराष्ट्रीय तेल व वायू उत्पादक संघटनेचे जीवरक्षक नियम नऊच आहेत आणि प्रत्येकाला चित्र आहे, त्यांचाही इथे उपयोग होतो.

एचटूएस आणि गाववाले

हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, साइटवरच्या भाषेत एचटूएस. अगदी थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. हवेपेक्षा जड असल्यानं हा वायू खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साठतो.

अशा दुर्घटनांत पहिल्या माणसापाठोपाठ त्याला काढायला धावलेलाही मरतो, हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. आखातात या धोक्याला एक खास धार आहे. कंत्राटदार बरेचदा एकाच गावातली, एकाच नात्यातली माणसं टोळीने आणतो. टाकीत कोसळलेला चुलतभाऊ असेल तर बाहेरच्याने अलार्म दाबून उभं राहावं, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे आणि फलक लावून ती पुरी होणार नाही. टाकीच्या तोंडाशी बसणारा पहारेकरी म्हणूनच शक्यतो वेगळ्या टोळीतला असावा. आत जाणाऱ्याच्या अंगावर हार्नेस आणि दोर असेल, तर त्याला बाहेरूनच ओढता येतं. श्वसनसंच घातलेलं बचावपथक जवळ हवं. आणि सराव नाटकी नको: ‘तुझाच भाऊ आत पडलाय’ असं सांगूनच करून घ्यावा.

दाढी, रोजा, ऊन

दाढीच्या खुंटांनीही मास्कची पकड सैल होते आणि वायू आत शिरतो. शीख किंवा मुस्लिम कामगाराला हे गेटवर सांगणं म्हणजे अपमान. भरती करतानाच सांगावं आणि दाढी ठेवणाऱ्याला एचटूएसबाहेरचं काम द्यावं. उन्हाचे कायदे स्पष्ट आहेत: अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद, कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१५ साली तो ऐन जून-जुलैत होता. थंडीत आला तरी सहरीसाठी मोडलेली झोप राहतेच, म्हणून उंचीवरची आणि क्रेनची कामं रोजा असणाऱ्यांना इफ्तारच्या आधीच्या तासांत देऊ नयेत.

काम कोण थांबवणार?

धोका दिसला तर कुणीही काम थांबवावं, असं बहुतेक कंपन्यांच्या धोरणात लिहिलेलं असतं. पण ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आहे आणि एजंटचं कर्ज घरी फिटायचंय, तो हेल्पर हात वर करील? प्रवेशद्वारावरचा ‘अपघाताविना इतके दिवस’ हा फलक तर मला संशयास्पदच वाटतो. बक्षीस त्याला जोडलं की कापलेलं बोट खोलीवरच बांधलं जातं. किरकोळ जखमांचे आकडे चांगले असूनही बीपीच्या टेक्सास सिटी रिफायनरीत मार्च २००५ मध्ये स्फोट होऊन १५ जण मेले. त्यापेक्षा काम थांबवणाऱ्यांच्या नोंदी पाहाव्यात. हजारो माणसांच्या शटडाउनमध्ये महिनाभर एकाही हेल्परने काम थांबवलं नसेल, तर व्यवस्थापकाने त्याच आठवड्यात कॅम्पवर जाऊन मुकादमाशिवाय त्यांच्याशी बोलावं. आणि थांबवलेल्या वेळाची मजुरी कंत्राटदाराला मिळेल, हे करारातच लिहावं.