दाखला आणि जोड

जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचे 13 नियम कागदावर उतरवले. दुसरा फाउल झाला की पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. मुद्दाम इजा केली तर सबंध सामनाभर बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही! मास्तरच तो, शिक्षा मोजून देणारा.

आपल्या नगरला 1831 पासून रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनने 1927 मध्ये मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस काढले. त्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या पोरांनी हा खेळ आपलासा केला. नागपाड्याचाच अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.

नियम मात्र मैदानाबाहेरच जास्त मोडतात. बँकेत जन्मतारखेचे दाखले तपासण्यात माझी उमर गेली. त्यामुळे 14 वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेला गडी दिसला की माझी नजर अडखळते. पंच काय करणार? कागद चोख असतो. हल्ली म्हणे मनगटाचा एक्स-रे काढून वय ताडतात.

आमच्या पाथर्डीकडे जत्रेतल्या हगाम्यात दाखला कोणी मागत नाही. पंच दोन्ही पोरांना शेजारी उभे करतात, दंड चाचपतात आणि जोड लावतात. विजोड वाटली, तर पब्लिकच ओरडते, ‘सोडवा!’