मांडीवरचा नकाशा

सप्टेंबरात भंडारा जिल्हा वरून पाहिला तर जमीन शोधावी लागते. धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, बोड्या तुडुंब, मालगुजारी तलाव काठोकाठ आणि दक्षिणेला पवनीकडे गोसीखुर्दचं पसरलेलं पाणी. नवा विद्यार्थी नकाशावरच्या एका तळ्यावर बोट ठेवतो, बाहेर बघतो आणि तसलीच डझनभर तळी त्याच्याकडे बघत असतात. मे महिन्यात उलटी गत. नकाशावर निळा ठिपका, आणि खाली भेगाळलेला पांढुरका खड्डा. तलावांच्या जिल्ह्यात तलावाची खूण धरून उडायचं नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सुरुवातीलाच सांगून टाकते. खूण धरायची ती वैनगंगेची, मुंबई-हावडा रेल्वेमार्गाची, वरठीच्या पोलाद कारखान्याची, तुमसरच्या उत्तरेला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींच्या काळपट ढिगाऱ्यांची. या गोष्टी पावसाळ्यातही आणि उन्हाळ्यातही आपली जागा सोडत नाहीत.

मी मूळची तुमसर तालुक्यातली, धंद्यानं उड्डाण प्रशिक्षक. आमच्या भागात विमान शिकायचं ठिकाण म्हणजे गोंदियाजवळचं बिरसी. तिथली धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बांधली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला ते वेगळं झालं, पण आकाशात ती वाटणी कुठे दिसत नाही. नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची डायमंड जातीची छोटी विमानं तिथून उडतात. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही तिकडच्या धुक्याच्या दिवसांत आपली काही विमानं इथे आणत आली आहे. साकोली-लाखनीकडच्या शेतात रोवणी करणाऱ्या बायांना डोक्यावरची ती बारीक घरघर आता सवयीची झाली आहे.

आमच्या मोठ्या बाबांनी एकदा विचारलं, "का वं पोरी, वरून तुले रस्ता कसा समजते? गूगल नाई का तुमच्याजवळ?" त्यांच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. आहे, मोठे बाबा, पण ते मांडीला बांधावं लागतं.

विमानातला टॅबलेट ही गोष्ट तशी अलीकडची. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं कॉकपिटात आयपॅड वापरायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक वैमानिकाच्या हातातली नकाशांची आणि पुस्तिकांची सुमारे १६ किलोंची बॅग सुटली. सोय मोठी होती, आणि तिची दुसरी बाजूही लवकरच दिसली. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीची कितीतरी विमानं जमिनीवरच अडकली, कारण वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा नकाशा ॲपमध्ये दोनदा आला आणि ॲप बंद पडलं. मोठ्या कंपनीकडे अशा वेळी निस्तरायला माणसं असतात. चार आसनी विमानात तुम्ही एकटे, आणि फार तर शेजारी माझ्यासारखी कोणी कटकटी बाई.

विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, कुठला घेऊ? सगळ्यात आधी मी एकच पाहायला सांगते : त्याला स्वतःचा जीपीएस आहे का. आयपॅडचं फक्त वाय-फायवालं मॉडेल स्वस्त मिळतं, पण त्यात उपग्रहांचे संकेत पकडणारी चिपच नसते. घरी वाय-फायच्या आधारानं ते तुमचं ठिकाण दाखवतं, म्हणून दुकानात फरक कळत नाही. मोहाडीच्या वर ३,००० फुटांवर कुठलं वाय-फाय? सिमची सोय असलेलं मॉडेल घ्यायचं. त्यात सिम टाकलं नाही तरी चालतं, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही; सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की काम होतं. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवलेला हवा. नाहीतर पांढऱ्या पडद्यावर निळा ठिपका अचूक जागी उभा राहतो आणि त्याच्याभोवती काहीच नसतं. आधीच वाय-फायवालं घेऊन बसला असाल तर ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो. मला तो आवडत नाही, कारण चार्ज करायची आणि हरवायची आणखी एक वस्तू वाढते.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि इथे तरुण मंडळी हटकून मोठ्या पडद्याकडे ओढली जातात. दुकानात अकरा-बारा इंचांचा पडदा देखणा दिसतो. डायमंड डीए-४० मध्ये बसलात की डोळे उघडतात. या विमानाला सेसनासारखं स्टिअरिंगच्या धाटणीचं योक नसून दोन्ही पायांच्या मधून वर आलेली स्टिक असते. डाव्या आसनावरच्या वैमानिकाचा डावा हात स्टिकवर, उजवा थ्रॉटलवर आणि लिहायला मोकळा. म्हणून नीबोर्ड, म्हणजे पट्ट्यानं बांधायची पाटी, बहुधा उजव्या मांडीवर येते. तिथे मोठा टॅबलेट बांधला की स्टिक पूर्ण उजवीकडे नेताना त्याच्या कडेला अडते. जमिनीवर उभ्या विमानात हे हसण्यावारी जातं. उतरताना बाजूचा वारा जोरात असला आणि पूर्ण उजवी स्टिक लागली, तर तीच दोन बोटं जागा कमी पडते. म्हणून स्टिकच्या विमानात आठ इंचांच्या आसपासचा, आयपॅड मिनीच्या मापाचा टॅबलेट, आणि तो मांडीवर. सेसना १७२ मध्ये योकला पकडीनं बसवता येतो, तिथेही छोटाच. मोठा बसवला की मागची उपकरणं झाकतो आणि योक मागे ओढताना पोटाला लागतो.

काचेला सक्शन कपनं चिकटवायची पद्धत मी आमच्याकडे बंद केली आहे. डायमंडची कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, ॲक्रिलिकची असते, तिला ओरखडे लवकर पडतात, आणि उन्हात रबर सैल होऊन कप कधी सुटेल याचा नेम नाही. सुटला तर कुठे पडेल हा खरा प्रश्न. ९ फेब्रुवारी २०१४ ला ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा आसनाचा हात आणि साइडस्टिक यांच्या फटीत राहिला होता. त्यानं आसन पुढे सरकवलं, कॅमेऱ्यानं स्टिक पुढे दाबली आणि जवळपास २०० माणसं असलेलं ते विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. तिथे खाली यायला उंची होती. आमची विमानं पुष्कळदा जमिनीपासून तेवढ्या उंचीवरही नसतात. टॅबलेट पायाशी पडला तर आसन सरकवून शोधायचा नाही, हेही त्यातच आलं. आसनाच्या यंत्रणेत लिथियम बॅटरी चेपली तर आग लागू शकते.

स्क्रू मारून पक्का बसवू का, असंही कोणी विचारतं. विमानाच्या अंगात स्क्रू गेला की तो विमानात केलेला बदल ठरतो आणि त्याला रीतसर मंजुरी लागते. मांडीचा पट्टा ही त्या मानानं बिनकटकटीची गोष्ट आहे.

आता ऊन. परदेशी वैमानिकांचे टॅबलेटवरचे सल्ले वाचताना मला नेहमी वाटतं, यांना एकदा मे महिन्यात दुपारी बिरसीला आणून बसवावं. ऍपल आयपॅडसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा सांगते ० ते ३५ अंश. आमच्याकडे सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि डायमंडची कॅनपी म्हणजे चौफेर काच. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत बसल्यावर जे वाटतं तेच, फक्त वर टपही नाही. अशा एका दुपारी साकोलीकडे तोंड करून जात असताना विद्यार्थ्याच्या मांडीवरचा पडदा आधी मंद झाला, मग काळा पडला आणि त्यावर थर्मामीटरचं चित्र उमटलं. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली महामार्गाकडे बोट दाखवलं. जुना सहा नंबर, आता ५३ म्हणतात; तो भंडारा, लाखनी, साकोली असा सरळ पूर्वेला जातो. कागदावर आखलेली रेघ आणि घड्याळ त्याच्याकडे होतंच.

तापण्यावर उपाय साधे आहेत. जाड कव्हर काढून टाकायचं, कारण ते उष्णता धरून ठेवतं. चार्जिंग जमिनीवरच पूर्ण करायचं. उडताना पॉवर बँक लावली की टॅबलेट आतूनही तापतो आणि वायर स्टिकभोवती घोटाळते. इंजिन सुरू होईपर्यंत तो कॅनपीखाली उघडा ठेवायचा नाही, पिशवीत सावलीला ठेवायचा. उडाल्यावर हवेच्या झरोक्याचा झोत त्याच्याकडे वळवायचा. एका पठ्ठ्यानं टॅबलेट वॉटर कूलरच्या बर्फाजवळ ठेवला होता. असं करू नये, आत दव धरतं.

उजेडाचीही एक गंमत आहे. पोलराइज्ड गॉगल घालून काही टॅबलेट पाहिले तर पडदा एका दिशेला स्वच्छ आणि काटकोनात फिरवला की काळा दिसतो. बिघाड कशातच नसतो. गॉगल आणि पडदा दोन्ही प्रकाशाची एकेकच दिशा पुढे सोडतात, आणि त्या दिशा जुळल्या नाहीत की अंधार. वैमानिकानं साधा गॉगल घ्यावा, पडद्यावर चमक कमी करणारी मॅट फिल्म लावावी. आणि कव्हरमधली चुंबकं विसरू नयेत. टॅबलेट होकायंत्राजवळ नेऊन बघा, काटा हलला तर त्याची जागा तिथे नाही.

एवढं जमलं की टॅबलेट कामाचा होतो. तो काय सांगतो आणि काय नाही, हे समजवायला मला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेग दाखवतो तो जमिनीवरचा. विमान तरंगतं ते हवेतल्या वेगावर. पाठीमागून २० नॉटचा वारा असेल आणि तुमचा हवेतला वेग ७० असेल, तर टॅबलेट ९० म्हणतो. वेग भरपूर आहे असं समजून कोणी वळणात तो कमी करत गेला, तर पंख विमानाला धरून ठेवणं सोडतात. उंचीचंही तसंच. उपग्रहाची उंची आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरची उंची वेगळी. उन्हाळ्यात अल्टिमीटर ५,००० फूट सांगत असताना टॅबलेट दोन-चारशे फूट जास्त दाखवू शकतो. नियंत्रकाला कळवायची ती अल्टिमीटरची, कारण आकाशातली बाकीची विमानंही त्याच मापानं उडतात.

आणि तो तारा दाखवेलच असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून गेलेलं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवरून आडव्या गेलेल्या तारेला धडकलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघंही गेली. नदी उत्तम खूण आहे, पण उंचीवरून. त्याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही.

ॲपच्या बाबतीत आपल्याकडे जरा अडचण आहे. अमेरिकेत फोरफ्लाइट आणि युरोपात स्कायडेमन घरोघरी आहेत, कारण जमिनीवरच्या खुणा बघत उडणाऱ्यांसाठी त्यांचे बारीक नकाशे त्या त्या देशांत बसवलेले आहेत. आपल्याकडे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण विमानतळांची आणि हवाई क्षेत्रांची माहिती असलेलं एआयपी इंटरनेटवर मोफत देतं, आणि त्यातले महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या चक्रानं लागू होतात. ते उतरवून घ्यायचं, तारीख बघायची, आपल्या मार्गाची रेघ स्वतः आखायची. नकाशा नीट असला तरी ठिपका चुकू शकतो : हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जीपीएसच्या संकेतांत होणाऱ्या ढवळाढवळीबद्दल परिपत्रक काढलं. ते मुख्यतः मोठ्या विमानांसाठी, पण खोटा संकेत छोटं विमान बघून दूर होत नाही.

म्हणून व्यावसायिक परवान्यासाठी लागणारं ३०० नॉटिकल मैलांचं एकट्याचं उड्डाण असो की बिरसीहून भंडाऱ्यापर्यंतचे जेमतेम ४० नॉटिकल मैल, माझा क्रम ठरलेला आहे : आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. ११० नॉटनं भंडारा साधारण २२ मिनिटांवर. बाराव्या मिनिटाला काय दिसायला हवं ते आधी तोंडानं सांगायचं, मग बाहेर बघायचं, आणि सगळ्यात शेवटी मांडीकडे. टॅबलेट आणि जमीन जुळली तर छान. नाही जुळली तर जमिनीचं ऐकायचं. एक अंशानं चुकलेली दिशा ६० मैलांनंतर एकच मैल बाजूला नेते. एवढी चूक दिसणाऱ्या रेल्वेरुळावरून सुधारता येते.

विकत घेण्याआधी मित्राचा टॅबलेट मागून घ्या आणि उभ्या विमानात, इंजिन बंद ठेवून, पट्टे आवळून बसा. कॅनपी लावा. स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन बघा, रडरवर दोन्ही पाय पूर्ण ताणा. गॉगल घालून पडदा वाचा. मग डोळे मिटून पट्ट्याचं बक्कल सोडा आणि बाहेर या. टॅबलेटचा पट्टा कुठे अडकतो ते तेव्हाच कळतं. बरीच मुलं पैशाच्या ओढाताणीमुळे जुना टॅबलेट घेतात, त्यालाही माझी हरकत नाही. फक्त तो सपाट टेबलावर पालथा ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगला किंवा पडद्याची कड उचललेली दिसली, तर आतली बॅटरी फुगली असण्याचा संशय घ्या आणि तो दुकानदाराला तिथेच परत करा.