कमी चालली म्हणून चांगली?

‘सिंगल ओनर आहे, फक्त घर ते स्टेशन चालवलीय.’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुनी मोटारसायकल बघायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. गाडी दहा वर्षांची आणि मीटरवर जेमतेम १८ हजार किलोमीटर. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला वाटतं, नशीब उघडलं. इंजिनाला विचाराल तर ते वेगळंच सांगेल.

साधा हिशेब मांडू. घर ते स्टेशन तीन किलोमीटर. सकाळी जाताना इंजिन थंड, दिवसभर उभी राहिल्यामुळे संध्याकाळी येतानाही थंड. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दहा वर्षांत १८ हजार किलोमीटर आणि ६,००० वेळा थंड इंजिन सुरू करणं. आता रोज तीस किलोमीटरवर कामाला गाडीनेच जाणारा माणूस घ्या. तो १८ हजार किलोमीटर एका वर्षात गाठतो, पण थंड इंजिन सुरू होतं ६०० वेळा. मीटर दोघांचं सारखं, झीज मात्र निराळी.

पेट्रोल जळतं, पाणी होतं

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून हे पाणी वाफेच्या रूपात निघतं. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडते. तीन किलोमीटरच्या फेरीत मात्र सायलेन्सरचा मागचा भाग पुरता तापतच नाही. वाफ तिथेच थंड होऊन पाणी साचतं, त्यात ज्वलनातून आलेली किंचित आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून गंजू लागतो. त्यामुळे वरून चकचकीत दिसणाऱ्या सायलेन्सरला खालच्या बाजूने भोक पडलेलं आढळतं.

थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली इंजिन ऑइलमध्येही उतरते. त्यात चॉकची भर. थंड इंजिन चालावं म्हणून चॉक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. लांब पल्ल्यावर ऑइल चांगलं तापतं, तेव्हा हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. स्टेशनच्या फेरीत ती संधीच मिळत नाही. शंभर सीसीच्या गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर, आणि तेच गिअर व क्लचलाही पुरवायचं असतं.

बॅटरीचंही तेच. सेल्फ मारताना गेलेला चार्ज तीन किलोमीटरमध्ये भरून निघत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. स्टेशनबाहेर उघड्यावर उभ्या गाडीचे टायर न चालताही म्हातारे होतात, कारण ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तडे पाडतात.

बुडालेली गाडी ओळखताना

या भागात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गाडी कधी पाण्यात गेली होती का? २६ जुलै २००५ चा प्रलय सगळ्यांना आठवतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पुराच्या पाण्यात सोसायट्यांखालच्या गाड्याही बुडतात आणि पुढे धुऊनपुसून विकायला येतात.

पाण्याच्या खुणा लपवणं मात्र अवघड. सीट काढा. वायरींच्या कनेक्टरवर हिरवट थर असेल तर तांबं गंजलं आहे. एअर फिल्टरच्या डब्यात, हेडलाइटच्या आत, मीटरच्या काचेमागे वाळलेल्या गाळाची रेघ दिसते का बघा. चाक उचलून हाताने फिरवा. बेअरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर घरघर जाणवते.

बुडालेली गाडी ‘चालू होते का’ म्हणून किक मारून बघायची नसते. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण नऊपट दाबतो. पाणी तसं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोरात फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावं लागतं.

घेण्याआधी, घेतल्यावर

विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचताच इंजिनाला हात लावा. गरम असेल तर काहीतरी झाकलं जातंय असं समजा. ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. सुरू झाल्यावर निघणारा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर ती वाफ. निळसर धूर सुरूच राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम निघणार. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर विसंबू नका, कारण केबल सुटली की ते थांबतं. फूटरेस्टचं रबर, ब्रेकचं पेडल आणि स्प्रॉकेटचे दाते यांची झीज मीटरशी जुळते का ते पाहा.

इथल्या बहुतेक गाड्या एमएच-०५, म्हणजे कल्याण आरटीओच्या. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय ना ते बघा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरा.

गाडी घरी आल्यावर पहिलं काम ऑइल बदलण्याचं. मोटारसायकलचंच ऑइल घ्या. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरतो. फेऱ्या छोट्या असतील तर किलोमीटर भरायची वाट न बघता सहा महिन्यांनी ऑइल बदला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर साफ करून घ्या. आणि आठवड्यातून एकदा बारवी धरणाच्या किंवा कर्जतच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवा. ऑइलमधलं पाणी काढायचा याहून स्वस्त उपाय नाही.

तेव्हा एकीकडे १८ हजार चाललेली, ऑइलचा पत्ता नसलेली स्टेशनची गाडी आणि दुसरीकडे ६० हजार चाललेली, सर्व्हिसिंगची बिलं जपलेली गाडी असेल, तर दुसरी आधी बघा. नव्या चालकाला दर आठवड्याला रस्त्यात बंद न पडणारी गाडी हवी असते, आणि ती कुठली असेल हे मीटरपेक्षा ती बिलं जास्त खरं सांगतात.