डबा क्रमांक २४१९

पॅरिसच्या ईशान्येला कोंपियेनचं जंगल आहे. ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे तिथल्या आडबाजूच्या रुळांवर उभ्या असलेल्या एका डब्यात मातिआस एर्झबर्गर यांनी जर्मनीच्या वतीने पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीवर सही केली. डबा मूळचा आगगाडीतल्या खानावळीचा, क्रमांक २४१९ डी. दोस्तांचे सरसेनापती मार्शल फॉश यांनी त्यात कचेरी थाटली होती. एर्झबर्गर सेनापती नव्हते, कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे पुढारी होते. लढाई हरले सेनापती आणि सही करायला पुढे ढकलला गेला मुलकी माणूस. पुढचा निम्मा अनर्थ मला या सहीतच दिसतो.

२९ सप्टेंबरला जर्मन सैन्याचा सूत्रधार जनरल लुडेनडॉर्फ यानेच कैसरला सांगितलं होतं, की ताबडतोब शस्त्रसंधी मागा. सरकारही आता संसदेतल्या पक्षांचं आणा, म्हणजे निस्तरणं त्यांच्या गळ्यात पडेल, हा हिशेब त्यामागे होताच. नंतर हाच गृहस्थ वेश पालटून स्वीडनला पळाला, आणि परत येऊन सांगू लागला की सैन्य हरलंच नव्हतं, घरच्यांनीच पाठीत सुरा खुपसला!

आणि हे लोकांना पटलं. का पटू नये? शस्त्रसंधीच्या दिवशी जर्मन फौज फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर उभी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये रशियाने ब्रेस्ट-लिटोव्हस्कला गुडघे टेकले होते. डिसेंबरात बर्लिनला परतलेल्या पलटणींचं स्वागत करताना नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनीही, तुम्हाला कुणा शत्रूने जिंकलेलं नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. ८ ऑगस्टला आमियांपाशी आघाडी कशी कोसळली, दरमहा लाखोंनी अमेरिकन सैनिक कसे उतरत होते, हे घरी बसलेल्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिली होती ती उपासमार. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे १९१६-१७ चा हिवाळा त्यांनी सलगमांवर काढला. वीस लाख सैनिक गेले, पण पराभव मात्र दिसला नाही.

एर्झबर्गर यांचा २६ ऑगस्ट १९२१ रोजी माजी नौदल अधिकाऱ्यांनी खून केला. पुढच्या अनर्थाचं कारण म्हणून व्हर्सायच्या तहावर नेहमी बोट ठेवलं जातं. १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई जाचक होतीच. पण भरपाईपेक्षा न पाहिलेला पराभव अधिक विषारी ठरला, असं माझं मत.

हिटलर त्याच विषावर पोसला. जून १९४० मध्ये त्याने तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढवला, त्याच जागी उभा केला आणि २२ तारखेला फ्रान्सला तिथे शस्त्रसंधीवर सही करायला लावली. मग डबा बर्लिनला नेऊन प्रदर्शनात मांडला.

या वेळी दोस्तांनी घोळ ठेवला नाही. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला रूझवेल्टनी जाहीर केलं : बिनशर्त शरणागती. त्याच सुमारास स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी सेना गारद होत होती. जर्मन सैन्याचा खरा चुराडा पूर्वेकडेच झाला, हे आपल्याकडच्या लिखाणात दबून जातं. आपल्याला जवळची आघाडी इटलीची, कारण तिथे आपली माणसं लढली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, ते ठाणं मोडलं आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

१९४५ ला पराभव घराघरांत शिरला. हाम्बुर्ग, ड्रेस्डेन बेचिराख, बर्लिनमध्ये गल्लोगल्ली रशियन रणगाडे. छळछावण्यांची दारं उघडली, तेव्हा साठ लाख ज्यूंच्या हत्येचा हिशेब जगापुढे आला. काही छावण्यांतून तर आसपासच्या नागरिकांना मुद्दाम फिरवलं गेलं. आणि सह्या? ७ मे रोजी रँसला जनरल योडल, मग स्टालिनच्या आग्रहावरून बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्टमध्ये फील्डमार्शल कायटल. या खेपेला सेनापतींनी, स्वतःच्या हाताने. पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्गला दोघेही फासावर गेले.

बर्लिनहून थुरिंगियात हलवलेला तो डबा त्याआधीच जळून खाक झाला होता. आज कोंपियेनला जो दाखवतात तो त्याच बनावटीचा दुसरा. मूळ क्रमांक २४३९, त्यावर २४१९ रंगवलेला.