उंचीवरचा कॅमेरा
जमिनीवरून शहराचे छायाचित्र घ्यावे, तर पुढील भिंतीआड मागील सारे लपते. म्हणून कॅमेरा उंच न्यावा लागतो. मोठा कॅमेरा मात्र जड, शिवाय त्याला स्थैर्य हवे. शिकागोचे जॉर्ज लॉरेन्स प्रथम शिड्या व मनोरे वापरीत. पुढे ते बलूनमधून चढू लागले. १९०१ साली बलूनचा पाळणा निसटून ते २०० फुटांवरून कोसळले. वाटेतील तारांनी झेलले म्हणून वाचले. पुढे माणूस खाली ठेवून केवळ कॅमेरा वर धाडण्याची युक्ती त्यांनी योजिली. १९०६ साली भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोजवळ पतंगांच्या माळेला टांगलेला सुमारे २२ किलोंचा कॅमेरा २००० फूट चढला. दोरातून सोडलेल्या विजेने त्याची झडप उघडली, आणि नगराची अवघी वाताहत एका फिल्मवर उतरली.