लोणारचा फेरा : उतरण्याआधी चढाचा विचार करा

थंडी पडू लागली की सहलींचे बेत सुरू होतात. जालना, मंठा, परतूर भागातील कुटुंबांना एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण म्हणजे लोणार. सरोवर बुलढाणा जिल्ह्यात असले, तरी मंठ्याहून ते जवळच आहे. बहुतेक मंडळी दैत्यसूदन मंदिर व गोमुखाची धार पाहतात, काठावर उभे राहून फोटो काढतात आणि परततात. काही उत्साही कुटुंबे मात्र आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घेऊन विवराचा पूर्ण फेरा मारायला किंवा खाली सरोवरापर्यंत उतरायला निघतात. चालण्यासारखा व्यायाम नाही हे खरे. पण हा फेरा म्हणजे बागेतला फेरफटका नव्हे.

विवर आहे तरी केवढे?

काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला हा गोल खड्डा पूर्वी अनेकांना ज्वालामुखीचे तोंड वाटत असे. १९७० च्या दशकातील संशोधनात प्रचंड आघाताने तयार झालेली काच व खडकांवरील खुणा आढळल्या आणि विवर उल्कापातामुळे झाले हे मान्य झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठाने फेरा जवळजवळ सहा किलोमीटरचा. काठापासून सरोवराची खोली सुमारे १३७ मीटर. चाळीस-पंचेचाळीस मजल्यांचा जिना डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. वाट दगडगोट्यांची, चढउताराची आणि बऱ्याच ठिकाणी सावलीविना आहे. मुलाबाळांसह फेऱ्याला तीन-चार तास धरावेत. हा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे. त्यामुळे कोणत्या वाटेने जाता येईल ते वनखात्याच्या माणसांना आधी विचारावे व माहितगार सोबत घ्यावा.

गडाच्या नेमके उलट

देवगिरीचा किल्ला चढताना दम लागला तर माणूस तिथूनच मागे फिरतो, आणि परतीची वाट उताराची असते. लोणारला हा हिशेब उलटा होतो. सकाळी ताज्या अंगाने आपण झरझर खाली उतरतो. आजोबाही म्हणतात, ‘मला काही त्रास नाही.’ त्रास सुरू होतो तो परतताना. तोवर ऊन डोक्यावर आलेले असते, बाटलीतले पाणी संपत आलेले असते, पाय थकलेले असतात आणि घरी जाण्याचा एकमेव मार्ग चढाचा असतो. चहूबाजूंच्या उंच कडांमुळे खाली वाराही कमी लागतो. म्हणून ‘उतरता येईल का?’ हा प्रश्न चुकीचा आहे. ‘दुपारी परत चढता येईल का?’ हा प्रश्न काठावरच, प्रत्येकाच्या बाबतीत विचारावा.

कोणी वरच थांबावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, चालताना छातीत दुखणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, दम्याचा जोर असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी खाली उतरू नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उतरताना गुडघ्यांवर सपाट रस्त्यापेक्षा जास्त भार येतो. इतरांनी घरीच एक चाचणी करावी. तीन मजले न थांबता चढल्यावर धाप लागून बोलता येत नसेल, तर आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चालण्याची सवय करावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि परतल्यावर तळपायांना फोड आले आहेत का ते पाहावे. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

पाणी आणि ऊन

मोठ्या माणसामागे निदान दोन-तीन लिटर पाणी बरोबर हवे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. मुलांना तर आठवण करूनच पाजावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातले की घरचे जलसंजीवनी तयार होते. सैल सुती कपडे, डोक्याला रुमाल किंवा टोपी आणि पायात वापरून सैल झालेले बूट असावेत, चपला नकोत. उजाडताच चालू लागावे व अकरापर्यंत काठावर परत यावे. मार्चनंतर हा बेत करूच नये.

सरोवराचे पाणी

हे पाणी खारट असून अत्यंत अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले होते, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. या पाण्याने त्वचारोग बरे होतात अशी समजूत असली, तरी खरूज, नायटा किंवा जखमेवर ते लावू नये. आग होऊन त्रास वाढू शकतो. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत.

धोक्याच्या खुणा

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, खूप घाम व अशक्तपणा ही उन्हाने थकल्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीला लगेच सावलीत निजवावे, पाय उंच करावेत, अंग ओल्या कापडाने पुसावे व जलसंजीवनी द्यावी. बरे वाटले तरी त्या दिवशी पुढे चालवू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा अंग फार तापले, तर तो उष्माघात समजावा. तोंडातून काही पाजू नये, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखले तर विश्रांतीने थांबेल म्हणून वाट पाहू नये.

शेवटी एक साधा नियम. कुटुंबात जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे ठेवा. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालावे. तो थांबला की सर्वांनी थांबावे आणि त्याने ‘पुरे’ म्हटले की सर्वांनी परतावे. अर्धा फेरा मारून सगळे धडधाकट घरी आले, तरी सहल पूर्ण झाली असेच समजावे.