वाऱ्याची बंडी

संक्रांत झाली की आदिलाबाद, जैनद, बेल्याच्या गल्ल्यांत लिंबाच्या फांद्यांवर फाटके पतंग लटकलेले दिसतात. त्यातला एखादा तुमचाही असेल. तो उडत होता तेव्हाची हाताला बसणारी ओढ आठवते ना? ती ओढ हाताऐवजी गाडीला दिली तर?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका मास्तरांनी ती खरोखर दिली. त्यांचं नाव जॉर्ज पोकॉक. लांब दोरीवर दोन मोठे पतंग आणि मागे माणसं बसलेली गाडी! १८२६ साली त्यांनी तिचं पेटंटही घेतलं. तेव्हा तिथल्या रस्त्यांवर कर भरायचे नाके असत आणि गाडीला जितके घोडे, तितका कर. या गाडीला घोडेच नव्हते, मग कर कसला घेणार? याच मास्तरांनी आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने हवेत चढवलं होतं. (हे तुम्ही मुळीच करायचं नाही!) ही मार्था पुढे क्रिकेटवीर डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली.

आज वाळवंटात आणि समुद्रकिनाऱ्यांवर धावते ती काइट बग्गी. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, तीन चाकं आणि जमिनीला टेकेल इतकी खाली कापडी बैठक. दोन्ही हात पतंगात गुंतलेले, म्हणून पुढचं चाक पायांनी वळवायचं.

आता खरी गंमत. वारा पूर्वेकडून पश्चिमेला वाहतोय, तर गाडी पश्चिमेलाच जाईल, असं वाटतं ना? पण ती उत्तरेलाही जाते, दक्षिणेलाही जाते! हे चाकांमुळे होतं. चाक पुढे गडगडतं, पण आडवं सरकायला तयार नसतं. ओला चिंचोका दोन बोटांत दाबून बघा. दाब बाजूंनी असतो आणि चिंचोका सुटतो समोर. गाडीचंही तसंच. पतंग तिरका ओढतो, चाकं आडवं सरकू देत नाहीत, मग गाडीला पुढे पळण्यावाचून वाट उरत नाही. मला तर पतंगापेक्षा चाकांचा हा हट्टच जास्त आवडतो.

आणि अशी आडवी धावताना ती वाऱ्याहूनही वेगात जाऊ शकते. वाऱ्याच्याच दिशेने गेलात, तर गाडीचा वेग वाऱ्याइतका होताच पतंगाला वारा लागेनासा होतो आणि तो खाली येतो. आडवं गेलात, की मूळचा वारा असतोच, शिवाय धावण्यामुळे समोरून लागणारा वारा मिळतो, सायकल पिटाळताना तोंडावर येतो तोच. दोन्ही मिळून पतंग आणखी जोरात ओढतो. अमेरिकेतल्या एका कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर अशा गाडीने ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेग गाठला आहे!

म्हणूनच वाऱ्याशी जपून वागायचं. त्याचा वेग दुप्पट झाला, की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. एक चौरस मीटर कापड ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर धरलं, तर दीड-दोन किलोचा रेटा बसतो. वारा ताशी ३६ झाला, तर सहा ते आठ किलोचा.

वाळूत गाडी हलकी हवी, नाहीतर चाकं रुततात. पण फारच हलकी झाली, तर पतंग तिला उचलतो किंवा कुशीवर पाडतो. त्यावर उपाय म्हणजे बैठक खाली आणि मागची चाकं एकमेकांपासून लांब. पतंग डोक्यावर असला की वर उचलतो, खाली आडवा आणला की पुढे ओढतो, हेही चालवणाऱ्याला सतत सांभाळावं लागतं.

आपल्याकडे वाळवंट नाही, पण उन्हाळ्यात पैनगंगेच्या पात्रात वाळू उघडी पडते. एक छोटी बंडी करून बघा, बसायची नाही, फक्त पळवायची. ज्वारीच्या वाळक्या धांड्यांची बैलबंडी तुम्ही केली असेलच. तसाच तीन कोपऱ्यांचा सांगाडा बांधा. जुन्या रबरी चपलेतून मोठ्या माणसाकडून तीन गोल चाकं कापून घ्या. आसाला सायकलचा जुना स्पोक छान चालतो. पतंगाला लांब शेपूट लावा, म्हणजे तो गिरक्या घेणार नाही. दोरा मधोमध, शक्य तितका खाली बांधा. उंच बांधलात, तर बंडी उलटलीच म्हणून समजा. वजनाला एक गोटा ठेवा. गोटा किती मोठा, ते बंडीच सांगेल.

दोरा साधा सुती घ्या. नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात. २०१७ पासून देशभर त्यावर बंदी आहे. विजेच्या तारांपासून दूर राहा, दोरा हाताला गुंडाळू नका आणि नदीवर मोठं माणूस सोबत न्या.

बंडी आधी शाळेच्या टणक मैदानावर सोडा, मग वाळूवर. वाळूत उमटलेली चाकोरी किती खोल आहे, ते पट्टीने मोजा. मग दोन चपला एकावर एक चिकटवून दुप्पट रुंद चाकं करा आणि पुन्हा मोजा.